वीस माणसं आली, त्यातली आठ आपलीच: वाहतूक आराखड्यात लोकांना आणायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक शहर आणि भोवतालचे तीन तालुके, यांचा मिळून वाहतूक आराखडा चाललाय. लोकसहभागासाठी दोन सभा घेतल्या, पेपरात जाहिरात दिली, हॉल बुक केला, चहा-बिस्किटं ठेवली. वीस माणसं आली, त्यातली आठ ऑफिसचीच. बाकीचे सगळे एकच विचारत होते, रिंग रोडमध्ये आमचा गट नंबर जातो का. तर लोकांना वाहतुकीत रसच नाहीये, की आमचं काही चुकतंय?

चुकतंय. पण वाईट वाटून घेऊ नका, मी बावीस-तेवीस वर्षं हेच काम करतोय आणि पहिली सात-आठ वर्षं मी अगदी असंच केलं. हॉल, बॅनर, प्रोजेक्टर, शेवटी "काही सूचना असल्यास सांगा" आणि मग ती शांतता. अशाच एका सभेत भिंतीवर हा एवढा मोठा नकाशा लावला होता, रंगीत रेघा, कोपऱ्यात सूची, सगळं व्यवस्थित. एक आजोबा त्याच्यासमोर दहा मिनिटं उभे. मला वाटलं वा, किती बारकाईने बघतायत. शेवटी मला हाक मारली आणि म्हणाले, "साहेब, यात आमचा वड कुठाय?" कुठला वड? तर त्यांच्या वाडीची एसटी ज्या वडाखाली थांबते तो. शेअर रिक्षा तिथूनच, दुधाची गाडी तिथंच, शाळेची पोरं तिथंच उभी. आमच्या नकाशात त्या जागी एक ठिपका होता आणि शेजारी नुसता आकडा. दहा मिनिटं तो माणूस स्वतःचं गाव शोधत होता आणि आम्ही त्याला विचारणार होतो की बाबा पर्याय दोन बरा की पर्याय तीन.

तर पहिली गोष्ट ही, की लोकांना रेघेवर मत विचारू नका, त्यांचा प्रवास विचारा. रेघ तुमची आहे, प्रवास त्यांचा आहे आणि त्यातले तज्ज्ञ तेच. मी आता चारच गोष्टी विचारतो: काल दिवसभरात कुठे कुठे गेलात, कशाने गेलात, किती वेळ थांबावं लागलं, किती पैसे गेले. आणि मग पाचवी, जी कुठल्याच छापील फॉर्ममध्ये मला कधी दिसली नाही: कुठे जायचं होतं पण गेला नाहीत? हा पाचवा प्रश्न विचारला की माणूस जरा थांबतो आणि मग बोलायला लागतो ते बोलतच राहतो. दवाखान्याची तारीख चुकवली कारण परतीची गाडी नव्हती, पोरीला सायन्सला घातलं नाही कारण प्रॅक्टिकल पाचला सुटतं आणि शेवटची फेरी साडेचारला, बहिणीकडे दोन वर्षं गेले नाही. न झालेला प्रवास आपल्या कुठल्याही मोजणीत येत नाही हो. रस्त्यावर उभं राहून गाड्या मोजल्या की जे निघाले तेच दिसतात.

याचं एक उदाहरण माझ्या अगदी डोळ्यासमोर आहे. एका तालुक्यात आम्ही ओ-डी सर्व्हे केला, म्हणजे कोण कुठून कुठे जातो त्याची मोजणी. एका रस्त्यावर आकडे इतके कमी आले की टीममधला पोरगा म्हणाला सर, इथे बसची गरजच नाहीये. मला खटकलं म्हणून बाजाराच्या आदल्या दिवशी तिथेच मुक्काम केला. त्या गावाला पूर्वी मुक्कामी गाडी होती, रात्री येऊन थांबायची आणि पहाटे परत निघायची. भारमान कमी, म्हणजे गाडीत पुरेसे प्रवासी नाहीत, म्हणून ती बंद झालेली. पहाटे साडेचारला बाहेर आलो तर देवळापाशी नऊ-दहा बायका, मेथी-कोथिंबिरीची गाठोडी, दोन करंड्या अंडी, एकीच्या कडेवर पोर. पावणेपाचला एक टेम्पो आला, मागे माल आणि मालावरच बायका बसल्या. भाडं एसटीच्या दीडपट, वर गाठोड्याचे वेगळे. आणि आमची मोजणी? सकाळी सहा ते रात्री दहा! म्हणजे आमची पोरं खुर्च्या टाकून बसायच्या आधी त्या गावाचा अख्खा प्रवास उरकलेला असायचा. वर आमच्या अहवालात "मागणी नाही" असं लिहून येणार होतं, आणि ते वाचून कुणीतरी पुढची पंधरा वर्षं तिथे गाडी दिली नसती.

सरकारी आकड्यांचंही असंच. २०११ च्या जनगणनेत विचारलं होतं की कामाला कशाने जाता, किती लांब. आपल्या धंद्यात सगळे ती टेबलं वापरतात, मी पण वापरतो. पण त्यात शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगवाले धरलेलेच नाहीत, इतर कामगार तेवढे. शिवाय फक्त कामाचा प्रवास, म्हणजे बाजार, दवाखाना, माहेर यातलं काही नाही. शहरासाठी ठीक आहे एकवेळ. तीन तालुक्यांसाठी तो आकडा वापरला तर निम्मा तालुका घरातच बसून आहे असं वाटेल.

आता ते गट नंबरवाले. त्यांना हसू नका, कारण ते तसे का वागतात याचं उत्तर आपल्या पद्धतीतच आहे. आपल्याकडे वाहतुकीचं खरं काय ठरायचं ते सर्वंकष वाहतूक आराखड्यात ठरतं, ज्याला आपण सगळे सीएमपी म्हणतो. २००५ ला जेएनएनयूआरएम, म्हणजे केंद्राचं शहर सुधारणेचं अभियान, आलं, २००६ ला राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आलं, तेव्हापासून हे आराखडे व्हायला लागले. २०१७ च्या मेट्रो धोरणानंतर तर मेट्रोचा प्रस्ताव पाठवायचा तर सीएमपी लागतोच. पण या सीएमपीला आपल्या नगररचना कायद्यात जागा नाही. लोकांना विचारा असं मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय, पण नाही विचारलं म्हणून कोणी कोर्टात जाऊन तो रद्द करून आणेल असं नाही. याउलट विकास आराखडा म्हणजे डीपी, किंवा प्रादेशिक योजना, हे १९६६ च्या एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याखालचे कागद. त्यात हरकती-सूचना मागवाव्याच लागतात, प्रादेशिक योजनेला तर निदान चार महिन्यांची मुदत द्यावी लागते. म्हणजे बघा काय होतं: मेट्रो कुठून, बस किती, रिंग रोड पाहिजे की नको हे ज्या कागदात ठरतं तिथे लोकांना विचारायची सक्ती नाही, आणि जिथे सक्ती आहे तिथे ते सगळं ठरून रेघ होऊन आलेलं असतं. मग माणूस काय विचारणार, गट नंबरच विचारणार ना?

आणि एकदा का लोक अशा टप्प्यावर आले की कसे येतात ते पुण्यात बघितलंच आपण. २०१३ साली पुण्याच्या जुन्या हद्दीचा डीपी जाहीर झाला, त्यावर जवळपास ८७ हजार हरकती-सूचना आल्या. सत्त्याऐंशी हजार! सुनावण्या झाल्या, वाद झाले, २०१५ ला राज्य सरकारने आराखडा आपल्या हातात घेतला आणि २०१७ ला मंजूर केला. पीएमआरडीएचा, म्हणजे पुणे महानगर प्रदेशाच्या प्राधिकरणाचा डीपी त्याहून मोठा, आठशेच्या वर गावं, २०२१ च्या ऑगस्टमध्ये म्हणजे कोरोनाच्या काळात जाहीर झाला, सुरुवातीला ३० दिवस दिले, मग मुदत वाढवली, साठ हजारांच्या वर हरकती आल्या आणि शेवटी २०२५ ला तो आराखडाच रद्द झाला. मुंबईचं तर २०१५ ला एवढी बोंब उठली की मसुदाच मागे घेऊन नव्याने करायला लागला. आता मला सांगा, लोकांना रस नाही म्हणायचं कोणत्या तोंडाने? तुमच्या हॉलमध्ये बारा आले आणि इथे हजारो, लोक तेच आहेत. फरक एवढाच की इथे त्यांना काहीतरी जाताना दिसत होतं.

शक्तिपीठ महामार्गाचंही तेच. वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत, २०२४ च्या आखणीप्रमाणे ८०२ किलोमीटर, १२ जिल्हे. आखणी आधी आली, लोक नंतर. कोल्हापुरात इतका विरोध झाला की २०२४ मध्ये त्या जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना मागे घ्यावी लागली. रस्ता हवा की नको हा वाद मी इथे काढत नाही, माझं मत आहे पण तो विषय वेगळा. मुद्दा एवढाच की जमीन मोजणीला माणूस शेतात आल्यावर जर शेतकऱ्याला पहिल्यांदा कळत असेल, तर पुढची सभा ही सभा नसते, तो मोर्चा असतो, आणि मोर्चात कोणी पर्यायी मार्गाची चर्चा करत नाही.

पर्यावरणाची जनसुनावणी हा अजून एक प्रकार, मोठ्या महामार्गांना लागते ती. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यायचा, ३० दिवस आधी नोटीस, सुनावणीचं व्हिडिओ शूटिंग. चांगल्या गोष्टी आहेत. पण त्याच अधिसूचनेत हेही आहे की सुनावणी सुरू करायला कोरमची, म्हणजे किमान उपस्थितीची गरज नाही. म्हणजे मांडव रिकामा असला तरी सुनावणी "झाली". कायद्याने बरोबर, तुमचं कागदपत्र पूर्ण. मी अशा रिकाम्या मांडवात बसलोय, फोटोग्राफर बिचारा खुर्च्यांचे फोटो येऊ नयेत म्हणून अँगल शोधत होता.

बरं मग करायचं काय. माझी पद्धत सांगतो, तुमच्या इथे जशीच्या तशी चालेल असं नाही.

सभा नंतर, आधी फिरा. एसटी स्टँडवर पहाटे, आठवडी बाजारात दुपारी, आयटीआय आणि कॉलेज सुटताना गेटवर, सरकारी दवाखान्याच्या केसपेपरच्या रांगेत, एमआयडीसीच्या शिफ्ट बदलताना. लोक जिथे वाट बघत उभे असतात तिथे जा, कारण वाट बघणाऱ्या माणसाकडे वेळ पण असतो आणि राग पण ताजा असतो. सकाळी अकराच्या सभेला बसने जाणारा माणूस येऊच शकत नाही, तो कामावर असतो. येतात ते रिटायर्ड लोक, कुणाचे तरी कार्यकर्ते आणि प्लॉटिंगवाले. पेरणीच्या दिवसात सभा ठेवू नका. ऊसतोड सुरू झाली की काही गावांत अर्धी घरं बंद असतात, तेव्हा पण नको. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आपला विषय घुसवायचा मोह होतो, मला पण झालाय, पण तिथे झेंडा, सत्कार आणि घरकुलाची यादी यातून तुम्हाला मिळतात पाच मिनिटं. जाहिरात पेपरात द्या कारण ती द्यावीच लागते, पण खरं काम गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, कोतवालाकडून आणि घंटागाडीच्या भोंग्यावरून होतं.

वडापवाल्यांना, म्हणजे जीपमधून शेअर सीटने माणसं नेणाऱ्यांना, विसरू नका. हे मी ठळक करून सांगतो कारण सरकारी आराखड्यात वडाप म्हणजे अवैध वाहतूक, एका ओळीत संपवतात. अहो पण कुठल्या वाडीतून किती वाजता किती माणसं निघतात हे त्या जीपवाल्याला तोंडपाठ असतं, त्याचं पोट आहे त्यावर. मी एकदा चार वडापवाल्यांना घेऊन टपरीवर बसलो, नकाशा पसरला, एका तासात त्यांनी जे सांगितलं ते आमच्या महिनाभराच्या सर्व्हेशी ताडून बघितलं तर जवळपास जुळलं, आणि जिथे जुळलं नाही तिथे ते बरोबर होते. फक्त त्यांना आधी शब्द द्यावा लागतो की ही माहिती आरटीओला जाणार नाही, आणि तो पाळावा लागतो. एसटीच्या कंट्रोलरचं पण तसंच, तो खिडकीतून सगळं बघत असतो पण त्याला कधी कोणी विचारत नाही.

बायकांशी बोलायला बाई पाठवा, आणि घरातल्या कर्त्या पुरुषाच्या उत्तरावर फॉर्म भरू नका. "त्या कुठे जातात, घरीच असतात" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय आणि ते सांगताना त्या पिशवी घेऊन दारातून बाहेर पडत असतात. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून कुठल्याही स्टँडवर जाऊन बघा. ही गर्दी हवेतून नाही आली, त्यांना जायचंच होतं, भाडं परवडत नव्हतं. जुने सर्व्हे वापरत असाल तर त्या तारखेच्या आधीचे की नंतरचे हे तपासा, नाहीतर आकडे चुकतील.

जमिनीचा विषय वेगळा काढा. वेगळी तारीख, वेगळी जागा, सोबत भूसंपादनवाला अधिकारी ज्याला खरंच उत्तर देता येतं असा. एकाच सभेत बस आणि रिंग रोड ठेवला की बसचं कोणी बोलणारच नाही, ज्याची दोन एकर जातेय त्याच्यासमोर "आमच्याकडे फेऱ्या वाढवा" म्हणायला माणसाला लाज वाटते. आणि त्या सभेत नकाशा गट नंबर टाकलेलाच न्या. "साधारण इथून जाईल" म्हणालात तर संपलं, दुसऱ्या दिवशी त्या साधारणवर जमिनीचे व्यवहार सुरू.

नकाशावरून गोव्याचं आठवलं. तिथे प्रादेशिक आराखडा २०११ वरून एवढं आंदोलन झालं की जानेवारी २००७ मध्ये सरकारने तो मागे घेतला. पुढच्या २०२१ च्या आराखड्यात मग गावागावाचे नकाशे पंचायतींकडे पाठवून लोकांकडून सूचना घेतल्या. नंतर त्यावरही भरपूर भांडणं झाली, आदर्श वगैरे म्हणून मी सांगत नाहीये. पण माणसाला स्वतःच्या गावाचा नकाशा हातात मिळाला की तो तळं कुठे, पायवाट कुठे, पावसात कुठला रस्ता बुडतो हे बोट ठेवून सांगतो. अख्ख्या प्रदेशाचा नकाशा दाखवला की "चांगलं आहे" म्हणून निघून जातो.

आणि जे करून दाखवता येतं ते करून दाखवा, बोलून नका दाखवू. बीआरटीचं, म्हणजे बससाठी रस्त्यात वेगळी लेन ठेवायच्या पद्धतीचं उदाहरण घ्या. पुण्यात डिसेंबर २००६ ला कात्रज-स्वारगेट-हडपसर सुरू झालं, देशातलं पहिलं म्हणतात. लोकांना कळलंच नाही की मधल्या लेनमध्ये आपण का जायचं नाही, आणि बस पकडायला रस्ता ओलांडून मध्ये का जायचं. तो राग पुण्यात पुढे कायमचा बीआरटी या शब्दालाच चिकटला. अहमदाबादने २००९ मध्ये जनमार्ग ही त्यांची बीआरटी सुरू करताना आधी काही महिने लोकांना फुकट बसू दिलं, बसा, बघा, काय खटकतं ते सांगा. माझ्या मते दहा सभांपेक्षा तो एक प्रकार भारी. तुमच्या आराखड्यात चौक सुधारणा असेल तर ड्रम आणि रंग वापरून पंधरा दिवस करून बघा, दुकानदार स्वतः येऊन सांगतील काय चुकलं ते. शिव्या देतच सांगतील, पण सांगतील.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मी स्वतः फार उशिरा शिकलो. परत जा. लोकांनी सूचना दिली, तुम्ही लिहून घेतली, पुढे? पुढे काहीच नाही. दोन वर्षांनी अहवाल येतो, तोही इंग्रजीत. तुमच्या वीस माणसांच्या सभेचं खरं कारण मला हेच वाटतं, त्या गावात तुमच्या आधी तीन सर्व्हेवाले येऊन गेलेत आणि एकही परत आलेला नाही. एका बाईने मला फॉर्म भरायच्या आधी सरळ विचारलं होतं, "मागच्याचं काय झालं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, मागचा सर्व्हे माझा नव्हता, पण तिच्या दृष्टीने बॅग आणि पॅड घेऊन येणारे आम्ही सगळे एकच.

त्या मुक्कामी गाडीच्या गावात मी परत गेलो. गाडी सुरू झाली नव्हती तेव्हा, खोटं कशाला सांगू. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहिलं: तुम्ही पाच गोष्टी सांगितल्या, दोन आराखड्यात घेतल्या, एक आगाराकडे पाठवली आणि तिचा जावक नंबर हा, दोन घेतल्या नाहीत, कारण असं असं. न घेतलेल्या दोनवर अर्धा तास भांडण झालं. एकात ते बरोबर निघाले, ओढ्यावरच्या पुलाचं, आम्ही पावसाळ्यात कधी गेलोच नव्हतो. ती पुन्हा घेतली. तिसऱ्या वेळेला गेलो तर सभेला साठ-सत्तर माणसं, कोणी दवंडी दिली नव्हती, बिस्किटं पण नव्हती.

छापील हरकतींबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय, की एकाच मजकुराच्या झेरॉक्स सह्या करून येतात, त्या एक धरायच्या की पाचशे? दोन्ही. मुद्दा एक, माणसं पाचशे, असंच लिहा. "सारख्याच हरकती आहेत" म्हणून गठ्ठा बाजूला टाकू नका, ज्याला लिहिता येत नाही किंवा कायद्याची भाषा येत नाही तो दुसऱ्याच्या कागदावर सही करतो, म्हणून त्याची जमीन अर्धी नसते.

आणि अहवालात लोकसहभागाचं प्रकरण किती पानांचं हवं हा जो प्रश्न आहे, तर पानं सोडा, सभेचे फोटो परिशिष्टात टाका. प्रकरणात एकच तक्ता द्या: कुठे, कोण म्हणालं (नाव नको, दूधवाला, कॉलेजची मुलगी असं), काय म्हणालं, आराखड्यात कुठल्या पानावर काय बदललं. शेवटच्या रकान्यात सगळीकडे "नोंद घेतली" असं येत असेल तर तो अहवाल द्यायला अजून महिनाभर मागून घ्या आणि पहाटेच्या स्टँडवर जा. साडेचारला, सहाला नाही.